'रिव्ह्यू एसओएस' म्हणजे नक्की कधी यायचं? एनआयसीयूतल्या आणि फॉलो-अपच्या डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कोणा एकाला नाहीये. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, कमी दिवसांची बाळं वाचवणारे तुम्ही, त्यांच्या फॉलो-अपच्या ओपीडीत बसणारे तुम्ही, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच मुलांचे सर्दी-ताप बघणारे बालरोगतज्ज्ञ, सगळ्यांना मिळून एकच लिहितेय. नाव कोणाचंच घेणार नाही. भांडायचंही नाहीये, कारण जिला तुम्ही वाचवलंत ती आत्ता बाजूच्या खोलीत होमवर्क करत बसलीये आणि दर पाच मिनिटांनी "आई, मी कुठल्या ओळीवर होते?" म्हणून ओरडतेय.

त्या ओळीबद्दलच लिहायचंय खरं तर.

माझी मुलगी २७ आठवड्यांची झाली. वजन ९४० ग्रॅम. ७१ दिवस पेटीत, त्यातले पहिले काही व्हेंटिलेटरवर, मग सीपॅप (नाकावाटे हवेचा दाब देणारं यंत्र), मग नाकात नुसती ऑक्सिजनची नळी. फाईलवर तिचं नाव नव्हतं, 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव, आणि आम्ही रोज त्या फाईलच्या जाडीवरून अंदाज बांधायचो की आज काही झालं का. घरी सोडताना सगळे रडले, सिस्टरसुद्धा. मग २ वर्षांपर्यंत फॉलो-अप अगदी नेमाने झाला, एकही तारीख चुकवली नाही आम्ही.

शेवटची व्हिजिट मला जशीच्या तशी आठवते. डॉक्टरांनी लाकडी ठोकळे दिले, सहा एकावर एक ठेव म्हणाले, तिने सहा ठेवले आणि कोणी न सांगता सातवाही ठेवला. बाहुलीचं नाक दाखवलं, डोळे दाखवले. दोन शब्दांची वाक्यं बोलत होती. चालायची, थोडी टाचा उचलून, पण चालायची. डॉक्टर हसले, फाईलवर लिहिलं 'डेव्हलपमेंट नॉर्मल फॉर करेक्टेड एज, रिव्ह्यू एसओएस', आणि फाईल बंद केली. आम्ही घरी येऊन ती फाईल माळ्यावर टाकली, अगदी मागे, जुन्या सामानाच्या पलीकडे, की परत हाताला लागायलाच नको.

करेक्टेड एज म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं वय, आणि एसओएस म्हणजे गरज वाटली तर या. माझा सगळा प्रश्न एवढाच आहे की ती गरज कोणाला वाटायची, आणि कशावरून?

कारण पुढे जे झालं ते असं काही नव्हतं की रात्री उचलून दवाखान्यात पळावं. फीट आली नाही, पाय लटके पडले नाहीत. झालं काय, तर सातव्या वर्षी फळ्यावरचं उतरवून घेता येईना. म्हणजे ती वर बघून एक शब्द वाचणार, मान खाली घालून वहीत लिहिणार, परत मान वर करणार आणि आता तो शब्द फळ्यावर कुठे होता ते पहिल्यापासून शोधत बसणार, आणि ओळ सापडेपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असणार. पाढे तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारा, पण दोन आकडी वजाबाकीत हातचा घेतला की तो घेतल्याचंच विसरायची. खणात समोर पडलेलं खोडरबर तिला दिसायचं नाही, तेच उचलून रिकाम्या टेबलावर ठेवलं की लगेच दिसायचं. डोळे दोनदा तपासले, नंबर शून्य. जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय हवेत धरून एक क्षण थांबायची, अजूनही थांबते, जमीन आली का ते चाचपून बघितल्यासारखं.

आता यातली कुठली गोष्ट घेऊन मी 'एसओएस' यायला हवं होतं?

शाळेत म्हणाले हुशार आहे पण लक्ष नसतं. घरातले म्हणाले तू फार लाडावून ठेवलीस, पेटीतून आलेली म्हणून. एका डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले वय आहे, शिस्त लावा. त्या डॉक्टरांनी ती किती आठवड्यांची झाली ते विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात तो विषय सातव्या ठोकळ्याबरोबर संपलेला होता. मग दोन वर्षं आम्ही शिस्त लावली. त्या दोन वर्षांबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, लिहिवत नाही.

नवव्या वर्षी शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे सगळ्या टेस्ट करायला गेलो. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी विचारलं, "किती आठवड्यांची झाली होती?" सात वर्षांत हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. रिपोर्ट आला त्यात भाषा आणि समज वयापेक्षा थोडी पुढेच, पण प्रोसेसिंग स्पीड (मेंदूचा काम उरकण्याचा वेग) आणि वर्किंग मेमरी (काम करताना गोष्ट मनात धरून ठेवणं) पार खाली, आणि डोळ्यांनी बघितलेलं मेंदूत लावून घेण्यात अडचण. बाई म्हणाल्या, "कमी दिवसांच्या मुलांमध्ये हे चित्र आम्ही बऱ्याचदा बघतो."

बऱ्याचदा! मग आम्हालाच कसं कोणी सांगितलं नाही?

तेव्हापासून मी वाचत बसलेय. मी काही डॉक्टर नाही, आणि पुढे लिहितेय ते तुम्हाला पाठच असणार, तरी लिहिते, कारण हे पत्र तुमच्याबरोबर ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेली माणसंही वाचणार आहेत.

पोटातल्या बाळाच्या मेंदूचं सगळ्यात मोठं काम शेवटच्या तीन महिन्यांत होतं. २४ व्या आठवड्याला मेंदू जवळपास गुळगुळीत असतो, अक्रोडासारख्या ज्या घड्या आपण चित्रात बघतो त्या पुढच्या आठवड्यांत पडतात. ३४ व्या आठवड्यालासुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच असतं. म्हणजे माझी मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या मेंदूचं बरंचसं काम बाकी होतं, आणि जे अंधारात, पाण्यात, शांतपणे व्हायचं ते ट्यूबलाईटखाली, मॉनिटरच्या टिटटिटीत आणि टाचेला सुया टोचून घेत झालं. तुमचा इलाज नव्हता, मला माहितीये, त्या सुयांमुळेच ती आहे. पण मेंदूला इलाज होता की नव्हता याच्याशी काही देणंघेणं नसतं ना.

मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला एक नाजूक थर असतो, तिथे नव्या पेशी तयार होतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या कागदासारख्या असतात. रक्तदाब जरा वरखाली झाला की तिथे रक्तस्राव होतो, आणि झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत. डोक्याच्या सोनोग्राफीत त्याचे ग्रेड देतात, १ ते ४, ती पद्धत १९७८ पासून चालत आलीये. आमच्याकडे ग्रेड १ होता, "जिरून जाईल" म्हणाले आणि खरंच जिरला.

पण दुसरी एक गोष्ट असते ती सोनोग्राफीत नीट दिसत नाही, आणि माझ्या मते पालकांना सांगायचं राहतं ते हेच. मेंदूतल्या तारांवर जे वेष्टण चढतं ना, मायलिन, ते चढवणाऱ्या पेशी साधारण २३ ते ३२ आठवड्यांत अगदी कच्च्या अवस्थेत असतात. ऑक्सिजन कमी पडला, इन्फेक्शन झालं, सूज आली की या पेशी मरतात किंवा आहेत तिथेच अडकून राहतात, पिकत नाहीत. मोठं नुकसान झालं तर पोकळीच्या कडेला भोकं पडतात, आणि पायाकडे जाणाऱ्या तारा नेमक्या पोकळीला चिकटून जातात म्हणून पाय कडक होतात. विल्यम लिटल नावाच्या लंडनच्या सर्जनने १८६२ मध्येच छापलं होतं की अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि पुढे कडक होणारे हातपाय यांचा संबंध आहे. म्हणजे हे माहिती असून दीडशेच्या वर वर्षं झाली.

आता उपचार सुधारल्यामुळे भोकं कमी दिसतात. त्याऐवजी दिसतं ते पसरलेलं, बारीक, सोनोग्राफीत "नॉर्मल" येणारं. तारा तुटलेल्या नसतात, त्यांच्यावरचं वेष्टण पातळ राहिलेलं असतं, आणि संदेश पोचतो पण हळू पोचतो. माझी मुलगी चुकत नाही हो, तिला वेळ लागतो, आणि वेळ लागेपर्यंत पहिली गोष्ट हातातून निसटते. हे वाचलं त्या रात्री मी दोन वर्षांची शिस्त आठवत जागी होते.

आकडे सांगताना मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. घाबरवायचं नाहीये, पण 'सगळं छान होतं' असंही सांगायचं नाहीये. नॉर्वेत १९६७ ते १९८३ मध्ये जन्मलेल्या ९ लाखांवर लोकांचा पाठपुरावा केला, त्यात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं, पूर्ण दिवसांच्यांत हजारात एकाला होती, आणि २३ ते २७ आठवड्यांच्यांत शंभरात नऊ जणांना. नऊ खूपच झाले, पण म्हणजे एक्क्याण्णव जणांना नव्हती, हेही त्याच वाक्यात सांगायला पाहिजे. आयक्यूचं म्हणाल तर २००२ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून काढलं तेव्हा कमी दिवसांच्या मुलांचा आयक्यू पूर्ण दिवसांच्यांपेक्षा सरासरी ११ गुणांच्या आसपास कमी निघाला. लक्ष न लागण्याचा त्रास, म्हणजे एडीएचडी, दोन ते तीन पट जास्त, आणि या मुलांमध्ये तो उड्या मारणारा नसून खिडकीबाहेर बघणारा असतो, त्यामुळे वर्गात कोणाच्या डोळ्यावर येत नाही. त्यातच भर म्हणून काळजी करण्याचा स्वभाव, मित्र जोडायला वेळ लागणं. आमच्या घरात हे सगळं थोडंथोडं आहे. नाव द्यावं एवढं एकही नाही, आणि सगळं मिळून संध्याकाळ खाऊन टाकतं.

स्वीडनमध्ये १९७३ ते १९९७ मध्ये जन्मलेल्यांचा अभ्यास आहे, तो मला फार आवडतो. कमी दिवसांच्यांपैकी ५५ टक्के जण मोठेपणी कुठल्याही मोठ्या आजाराशिवाय जगत होते, आणि पूर्ण दिवसांच्यांत हा आकडा ६३ होता. म्हणजे फार काही दरी नाही. पण २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांचा आकडा बघितला तर २२ च्या आसपास. ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर छापून मला डिस्चार्जच्या दिवशी दिली असती तर मी रडले असते, बरोबरे, पण त्या दिवशी मी तसंही रडतच होते.

आणि हे फक्त किलोच्या आतल्या बाळांपुरतं नाहीये. बाकावर आमच्या शेजारी बसणाऱ्या एक ताई होत्या, त्यांचा मुलगा ३५ आठवड्यांचा, त्याला तर फॉलो-अपच दिला नव्हता, "हा काय, जवळपास पुऱ्या दिवसांचाच" म्हणून. स्कॉटलंडमध्ये ४ लाख शाळकरी मुलांचा हिशोब २०१० मध्ये छापून आला, त्यात शाळेत जास्तीची मदत लागण्याचं प्रमाण आठवडा जसा कमी तसं वाढत जाताना दिसलं, इतकं की ३७ ते ३९ आठवड्यांच्या मुलांतसुद्धा ते ४० वाल्यांपेक्षा थोडं जास्त होतं. थोडंच, पण अशी मुलंच संख्येने सगळ्यात जास्त असतात.

आता मुद्द्यावर येते.

तुम्ही २ वर्षांना टेस्ट करता आणि फाईल बंद करता. ती टेस्ट वाईट नाहीये, पण ती ठोकळ्यांची टेस्ट आहे. २ वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच काम असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ऐकायचं, लिहायचं, मनात धरून ठेवायचं आणि पुढची पायरी ठरवायची, सगळं एकदम, आणि नेमकी हीच यंत्रणा या मुलांची कच्ची राहिलेली असते. २ वर्षांचे गुण पुढच्या बुद्धीचा भरवशाचा अंदाज देत नाहीत हे तुमच्याच संशोधनात आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी खरं आहे, तेव्हा मागे वाटलेली कितीतरी मुलं शाळेत नीट निघाली. म्हणजे कोणाला उगाच घाबरवलं जातं आणि कोणाला उगाच सोडून दिलं जातं.

तुम्ही म्हणाल ओपीडीला रांग असते, आम्ही दहा वर्षं कोणाकोणाला बघणार. खरंय. पण लांबपर्यंत बघितल्याशिवाय तुमचं तुम्हालाच कळत नाही हो, आणि हे माझं म्हणणं नाही, तुमचाच इतिहास आहे. १९९० च्या दशकात व्हेंटिलेटरवरून बाळ लवकर निघावं म्हणून जन्मानंतर डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड सर्रास द्यायचे. बाळं खरंच लवकर निघायची, सगळे खुश. काही वर्षांनी कोणीतरी त्या मुलांना परत बोलावून बघितलं तेव्हा कळलं की त्यांच्यात, विशेषतः पहिल्या आठवड्यात ज्यांना दिलं त्यांच्यात, सेरेब्रल पाल्सी जास्त आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हे रूटीन म्हणून देऊ नका असं सांगितलं. एनआयसीयूच्या दारात मोजणी थांबवली असती तर ते औषध आजही हिरो असतं.

आणि उलटंही. श्वास थांबू नये म्हणून कॅफिन देता ना, माझ्या मुलीलाही दिलं होतं, सिस्टर गंमतीने म्हणायच्या हिची कॉफीची वेळ झाली. त्याचा मोठा अभ्यास झाला, साधारण २००० बाळं, ५०० ते १२५० ग्रॅमची. दीड-पावणेदोन वर्षांना फरक दिसला, सेरेब्रल पाल्सी कमी. पाच वर्षांना तो फरक पुसट झाल्यासारखा वाटला. तिथे थांबले असते तर संपलं होतं, पण त्यांनी ११ व्या वर्षी परत बोलावलं, आणि हालचालींमधल्या अडचणी कॅफिनवाल्या मुलांत कमी आहेत हे परत दिसलं. अकराव्या वर्षी! माझी मुलगी आज ११ वर्षांची आहे आणि तिला गेली ९ वर्षं तिच्या एनआयसीयूने बघितलेलं नाही. चांगलं निघालं की वाईट, तुमच्या वहीत ती 'नॉर्मल' आहे, सात ठोकळे.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९९५ ला २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांना तिथल्या लोकांनी १९ व्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा बोलावलं. त्या गटाला खास नाव होतं, एपिक्युअर. म्हणजे होऊ शकतं. सगळ्यांना तसं जमणार नाही, रिसर्चचा पैसा असतो त्यामागे, मला कळतं.

मला हवंय ते फार कमी आहे. 'एसओएस' लिहू नका, तारीख लिहा. शाळेत जायच्या आधी एकदा, आठ-नऊच्या आसपास एकदा, आणि जमलं तर मोठ्या शाळेत जाताना एकदा. तुम्हीच बघायला पाहिजे असंही नाही, कुठे जायचं आणि कशाची टेस्ट करून घ्यायची एवढं लिहून द्या. आणि घरी सोडताना लसीकरणाचं कार्ड देता तसं एक पान द्या, साध्या भाषेत, त्यात लिहा की तुमचं मूल चालेल, बोलेल, हसेल, आणि तरी सहा-सात वर्षांनी या या गोष्टी दिसल्या, फळ्यावरचं उतरवता न येणं, गर्दीतली वस्तू न दिसणं, आवाजाने कान झाकून घेणं, गणितात पायऱ्या विसरणं, तर त्याला आळशी म्हणू नका, आमच्याकडे या. तेच पान शाळेलाही देता येईल. आमच्या मुलीच्या बाईंना मी मानसशास्त्रज्ञांचा रिपोर्ट दाखवला तेव्हा त्या खऱ्या मनाने म्हणाल्या, "अहो मला वाटायचं प्रीमॅच्युअर म्हणजे फक्त वजन कमी." आता त्या तिला फळ्यावरचं छापून देतात, पानावर एकच गणित ठेवतात, पेपरला जास्त वेळ देतात. खर्च शून्य. दोन महिन्यांत मुलीचं पोट दुखायचं थांबलं. (रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखायचं, ते सांगायचं राहिलंच.)

शाळेवरून आठवलं. २ वर्षांपर्यंत तुम्ही करेक्टेड एज धरता आणि मग एका दिवसात ते बंद होतं. शाळेला तर ते कधी माहितीच नव्हतं, तिथे जन्मतारीख चालते. माझी मुलगी तिच्या ठरलेल्या तारखेला झाली असती तर कट-ऑफच्या पलीकडे गेली असती आणि आज एक इयत्ता मागे असती, वयाने बरोबरच्या मुलांत. लवकर झाली म्हणून आधीच कच्चा मेंदू घेऊन आली, आणि लवकर झाली म्हणूनच वर्गातली सगळ्यात लहान. तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून मिळाल्या असत्या तर मी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला असता. असं काही मागता येतं हेच मला माहिती नव्हतं.

जनरल ओपीडीतल्या डॉक्टरांना वेगळं एकच सांगणं. मूल शाळेत मागे पडतंय म्हणून कोणी घेऊन आलं तर किती आठवड्यांचं झालं ते विचारा. मूलच कशाला, मोठ्या माणसालाही विचारा, डोकेदुखी असो, फीट असो, नाहीतर सारखी काळजी वाटते म्हणून आलेला असो. कमी दिवसांची म्हणून जन्मलेली आणि आता तिशी-चाळिशीत असलेली माणसं तुमच्यासमोर रोज बसतात आणि फॉर्मवर तो रकानाच नसतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या लोकांनी सुंदर केलीये. कॅनडात डॉ. सरोज सैगल यांनी एक किलोच्या आत जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत पाहिली, आणि ती मुलं वयात आल्यावर त्यांनाच विचारलं की तुमचं आयुष्य कसं वाटतं तुम्हाला. बऱ्याच जणांनी पूर्ण दिवसांच्या मुलांइतकंच चांगलं सांगितलं. हे मी मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला कोणीच नाही विचारलं."

तिला सगळं सांगितलंय आता. मेंदूतल्या तारांचं, वेष्टणाचं, कॉफीचं. मागच्या आठवड्यात माळ्यावरून ती फाईल काढली, तिने एकेक पान उलटून बघितलं, पावलाचा शाईचा ठसा होता त्यावर अंगठा ठेवून बघितला, अंगठा मोठा निघाला. मग पहिल्या पानावर 'बेबी ऑफ' जिथे लिहिलंय तिथे पेनाने स्वतःचं नाव घातलं, तिरकं, ओळ सोडून.

फाईलची झेरॉक्स आणि नवा रिपोर्ट दोन्ही तयार आहे. ११ वर्षांच्या मुलीला फॉलो-अपला घेऊन यायचं तर कुठल्या वारी, कुठल्या खिडकीवर नंबर लावायचा, तेवढं कळवा.

तुमच्या एका जुन्या पेशंटची आई